खासगी फटाका किती जुना? होम मैदानावरचं दारूकाम, चार मीटरचा नियम आणि आपली गल्ली

दिवाळी आठवड्यावर आली की तोच वाद ठरल्या वेळी सुरू होतो. एक बाजू म्हणते, फटाके ही आपली परंपरा आहे, त्यावर बंधनं कसली घालता? दुसरी म्हणते, धूर आणि आवाज पुष्कळ झाला, सरळ बंद करा. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना हा विषय मी मुद्दाम सरावाला देते. कारण दोन्ही बाजू ‘फटाके’ हा एकच शब्द वापरतात आणि दोघांच्या मनात वस्तू वेगळी असते. संशोधनात पहिली पायरी हीच: आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय?

सोलापूरकराला हा फरक खरं तर समजावून सांगायला लागू नये, कारण आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. दारात उडतात ते फटाके. आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर होतं ते शोभेचं दारूकाम. दारूकाम ‘बघायला’ जातात, फटाके ‘उडवायला’ आणतात. क्रियापदातच सगळं आलं. पहिल्यात हजारो लोक प्रेक्षक आणि पेटवणारे हात मोजके. दुसऱ्यात प्रत्येक हात पेटवणारा. बंधन घालायचं की चालू द्यायचं, हा प्रश्न या दोघांना सारख्याच पद्धतीने लागू करता येईल का? मला वाटतं, नाही. आणि इतिहास बघितला तर का नाही तेही कळतं.

आधी यात्रेबद्दल थोडं, बाहेरगावच्या वाचकांसाठी. सिद्धरामेश्वर हे १२व्या शतकातले शिवयोगी. मकर संक्रांतीच्या सुमारास त्यांची यात्रा भरते. आधी मानाच्या नंदीध्वजांची मिरवणूक आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, मग होमप्रदीपन, मग शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी. अक्षता सोहळा म्हणजे लग्न. कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेलं लग्न, अशी कथा आहे. हे लग्न लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता नेहमीचं वाक्य: “यात्रेला नऊशे वर्षांची परंपरा आहे.” यात्रेबद्दल हे म्हणता येईल, पण त्यातल्या प्रत्येक घटकाला तेच वय चिकटवता येत नाही. बंदुकीच्या दारूसाठी सोरा, गंधक आणि कोळसा एका ठराविक प्रमाणात लागतात, ढोबळ मानाने ७५, १० आणि १५. ही विद्या चीनमधून पश्चिमेकडे आणि आपल्याकडे यायला वेळ लागला. दख्खनेत तिचे भरवशाचे पुरावे १४व्या-१५व्या शतकापासून पुढचे. म्हणजे १२व्या शतकातल्या कुठल्याही सोहळ्यात आकाशात फुटणारा बाण असू शकत नाही. यात कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा हेतू नाही. परंपरा ही थरांची बनलेली असते, आणि प्रत्येक थराचं वय वेगळं काढावं लागतं, एवढंच.

दारूकामाच्या थराचं वय काढायचं काम मराठी संशोधनात आधीच झालेलं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीच्या १४०० ते १९०० या काळातल्या इतिहासावर प्रबंध लिहिला, तो १९५०च्या दशकात प्रसिद्ध झाला. संशोधनाला सुरुवात करणाऱ्याने तो एकदा तरी वाचावाच. विषयासाठी नाही, तर पद्धतीसाठी. गोडे राजकीय इतिहासाच्या मागे न लागता संस्कृत पोथी, मराठी काव्य, परदेशी प्रवासी आणि बखर या चार वेगळ्या जातींच्या साधनांतून एकच वस्तू शोधत जातात. १४४३ साली विजयनगरला आलेला इराणी वकील अब्दुर रझ्झाक महानवमीच्या उत्सवात आतषबाजी पाहिल्याचं सांगतो. ओडिशाचा गजपती प्रतापरुद्रदेव (१४९७ ते १५४०च्या आसपास) याच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणी’ ग्रंथात आतषबाजीचे नुसते उल्लेख नाहीत, चक्क कृती आहेत. आणि आपल्या एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त, म्हणजे १५७०-७१ च्या सुमाराला, हवईपासून फुलबाजीच्या जातीपर्यंतचे प्रकार येतात. कुठे? कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नात.

पाहा, पुन्हा लग्नच. एकनाथांनी द्वारकेतलं दारूकाम बघितलं नव्हतं. त्यांनी आपल्या काळातल्या थाटाच्या लग्नात जे होतं ते देवाच्या लग्नात घातलं. साहित्याचा पुरावा असा वाचायचा असतो: तो ज्या काळाबद्दल बोलतो त्याचा नसतो, ज्या काळात लिहिला गेला त्याचा असतो. आणि सोलापूरच्या यात्रेतही दारूकाम येतं ते अक्षतेनंतर, लग्नाचा भाग म्हणून. या दोन्ही गोष्टींचा थेट संबंध आहे असा दावा मी करत नाही. पण दोन्हीकडे दारूकामाची जागा एकच आहे: मोठं कार्य, जमलेला समाज आणि खर्च करणारा कुणीतरी एक यजमान.

पेशवाईतला दाखला तर याहून बोलका. महादजी शिंदे १७९२ नंतर पुण्यात होते तेव्हा त्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं, असं बखरीत आहे. चार दिवस लाखो दिवे, आणि राजधानीच्या बाहेर राजाचं दारूकाम. त्यात दारूची लंका उभारायची, मध्ये रावण, आणि मग ती सगळी पेटवायची. ऐकून पेशव्यांनी तसं दारूकाम आपल्यासाठीही करायला सांगितलं. यातला माझ्या कामाचा शब्द आहे ‘बाहेर’. लंका राजधानीच्या बाहेर पेटते. राजालाही ती वाड्याच्या अंगणात नको होती.

थोडक्यात, १९व्या शतकापर्यंतची जी साधनं आपल्या हाताशी आहेत त्यांत आतषबाजी म्हणजे मुख्यतः दरबार, देऊळ आणि लग्न. इथे एक सावधगिरी हवी. कागद नेहमी श्रीमंतांचेच जास्त टिकतात. एखाद्या कुंभारवाड्यातल्या पोराने दारात चार चिचुंदऱ्या सोडल्या असतील तर त्याची बखर कोण लिहिणार? म्हणून ‘सामान्य घरांत फटाके नव्हतेच’ असं म्हणता येत नाही. पण सामान्य घराने दर दिवाळीला पिशवीभर फटाके विकत आणणं, ही गोष्ट कारखान्याशिवाय शक्य नव्हती. आणि कारखान्याचा इतिहास मात्र नीट नोंदलेला आहे.

त्याआधी कायदा. १८८४ साली इंग्रज सरकारने भारतीय स्फोटक कायदा केला. त्यातली ‘स्फोटक’ शब्दाची व्याख्या गमतीची आहे: बंदुकीची दारू, नायट्रोग्लिसरीन, डायनामाईट, आणि त्याच दमात रंगीत ज्योती आणि शोभेची दारूही. खाणीत सुरुंग लावणारा आणि भुईनळा लावणारा एकाच कलमात. हा कायदा अजून लागू आहे. त्याची अंमलबजावणी बघणाऱ्या खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, ज्याला आता पेसो म्हणतात.

मग १९०८. एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, आणि ८ जूनला सरकारने स्फोटक पदार्थांचा दुसरा, कडक कायदा मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या ‘केसरी’त लोकमान्य टिळकांचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. त्याच्यावर पुढे राजद्रोहाचा खटला उभा राहिला, सहा वर्षांची शिक्षा झाली, हे आपण शाळेत शिकतो. अग्रलेखातला तांत्रिक मुद्दा मात्र सहसा कुणी वाचत नाही. टिळकांचं म्हणणं असं होतं की बॉम्ब ही काही मोठ्या कारखान्याची वस्तू नाही. साहित्य थोडं, कृती सोपी, ती मंत्रासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मग कायद्याने ती अडवणार कशी? राजकारण बाजूला ठेवा. एक रसायनशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यात नियमनाचा मूळ प्रश्न दिसतो. जी गोष्ट साध्या साहित्यातून, छोट्या खोलीत, थोडक्या ज्ञानावर बनते, तिला फक्त उत्पादनाच्या टोकाला धरून चालत नाही.

आणि आपल्या कायद्याने नेमकं तेच टोक धरलं. १९४० साली स्फोटकांचे नियम नव्याने झाले, परवान्याची चौकट पक्की झाली. त्याच सुमाराला महायुद्धामुळे बाहेरून येणारा माल आटला. तमिळनाडूतलं शिवकाशी इथेच पुढे आलं. तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे भाऊ १९२३ साली कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले होते. कोरडी हवा, पाऊस कमी, शेती बेभरवशाची, मजूर स्वस्त. काडेपेटीपाठोपाठ फटाका आला. पुढच्या काही दशकांत देशभरच्या दिवाळीला तिथला माल जायला लागला. म्हणजे ज्याला आपण ‘पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा’ म्हणतो तो दारातला, छापील कागदात गुंडाळलेला, डझनावर मिळणारा फटाका साधारण आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाचा आहे. दारूकाम जुनं. खासगी फटाका, या प्रमाणात, नवा.

याने खासगी फटाका वाईट ठरत नाही बरं का. चहाही आपल्याकडे नवाच आहे. पण ‘जुनं आहे म्हणून हात लावू नका’ हा युक्तिवाद दारूकामाच्या बाजूने चालेल, सुतळी बॉम्बच्या बाजूने चालणार नाही.

आता या नव्या वस्तूने काय बदललं? अंतर. दारूकामात आग आणि माणूस यांच्यात मैदान असायचं. खासगी फटाक्याने ते अंतर हाताच्या लांबीवर आणलं. दुसरं, पेटवणारा कोण हे दारूकामात सगळ्या गावाला माहीत असायचं. काही झालं तर धरायला माणूस असायचा. गल्लीत शंभर जण पेटवतात, कुणाच्या बाणाने कुणाचं छप्पर पेटलं हे सांगता येत नाही. माझ्या मते फटाक्यांवरच्या स्वतंत्र भारतातल्या सगळ्या नियमांचा इतिहास म्हणजे ही हरवलेली दोन गोष्टी, अंतर आणि जबाबदार माणूस, परत आणायचा प्रयत्न. बहुतेक वेळा फसलेला.

काही प्रयत्न फसले नाहीत, तेही सांगायला हवं. १९९२ साली केंद्र सरकारने गंधक आणि क्लोरेट यांच्या मिश्रणाच्या फटाक्यांवर बंदी घातली. यामागचं रसायन साधं आहे. क्लोरेट गंधकाबरोबर आलं की मिश्रण घासण्याने, आपटण्याने, गंधकातल्या आम्लाच्या अंशानेसुद्धा पेट घेऊ शकतं. म्हणजे ते उडवणाऱ्यापेक्षा बनवणाऱ्याला आणि साठवणाऱ्याला जास्त मारतं. इथे कारखान्याचं टोक धरणंच बरोबर होतं, कारण धोका तिथे होता.

मग आलं आवाजाचं प्रकरण. ऑक्टोबर १९९९ मध्ये पर्यावरण कायद्याखाली नियम झाला: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्याचं उत्पादन, विक्री आणि वापर बंद. माळेसाठी वेगळं सूत्र. माळेत N फटाके असतील तर त्यातल्या एकेका फटाक्याची मर्यादा ५ गुणिले log N इतकी कमी. हजाराच्या माळेला १५ डेसिबल कमी, म्हणजे प्रत्येक फटाका ११०च्या आत.

या १२५ वर जरा थांबू या, कारण परीक्षेत आणि वर्तमानपत्रात दोन्हीकडे इथे घोळ होतो. बातम्यांत वाचायला मिळतं की निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, आणि फटाक्याला १२५, म्हणजे केवढी सूट! ही तुलनाच चुकीची आहे. ५५ हा काही तासांच्या आवाजाचा सरासरी आकडा. १२५ हा क्षणभराच्या धडाक्याचा. दोन वेगळ्या मोजपट्ट्या. तुलना करायचीच तर दुसऱ्या देशाच्या फटाक्याच्या मर्यादेशी करा. ब्रिटनमध्ये २००४च्या नियमांनी १२० डेसिबलची मर्यादा आहे, पण ती १५ मीटरवर मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने आपले ४ मीटरवरचे १२५ म्हणजे १५ मीटरवर सुमारे ११३.५. ब्रिटिशांच्या १२० पेक्षा कमी! म्हणजे कागदावर आपण त्यांच्यापेक्षा कडक आहोत. (ब्रिटनमध्ये रात्री ११ नंतर फटाके बंद, पण दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत मुभा, असं तिथल्या नियमात नाव घेऊन लिहिलंय. आपल्याकडे १० वाजताच बंद.)

तरी ऐकू येणारा फरक उलटा का? कारण नियमातलं ४ मीटर आपल्या गल्लीत सापडत नाही. साखर पेठेसारख्या जुन्या पेठेत किंवा यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत दोन ओट्यांमधलं अंतर किती असतं बघा. २ मीटरवर तोच कायदेशीर फटाका १३१ होतो, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे आवाज मोकळ्या जागेसारखा उतरतही नाही. उलट तोच फटाका १०० मीटर दूर नेला तर आवाज २८ डेसिबलने उतरून ९७ च्या आसपास येतो. (दारूकामाचे गोळे मोठे असतात, त्यांचा मूळ आवाजही जास्त, हे खरं, पण अंतर काय करतं ते कळावं म्हणून हा हिशेब.) नियम फटाक्याच्या चाचणीसाठी लिहिलेला आहे, गल्लीसाठी नाही. चाचणीत पास झालेला फटाका कुठे उडवायचा यावर तो गप्प आहे.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात मोठा निकाल दिला: रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद. न्यायालयाने फटाक्यांचे आवाजाचे आणि प्रकाशाचे असे दोन वर्ग करायला सांगितले आणि नुसत्या डेसिबलपेक्षा त्यातलं रसायन ठरवून द्या, असंही म्हटलं. दिवाळी म्हणजे मुख्यतः पूजा, फटाके उडवलेच पाहिजेत असं कुठल्या धर्मग्रंथात नाही, हाही मुद्दा तिथे आला.

प्रकाशाचे फटाके म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत साधारण याच विभागणीतून घट्ट झाली असावी. ती किती चुकीची आहे हे दाखवलं पुण्यात. चेस्ट रिसर्च फाउंडेशन आणि पुणे विद्यापीठ यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१६ मध्ये लहान मुलांच्या आवडीचे सहा प्रकार पेटवून पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण, मोजले. मुलं जितक्या जवळ उभी राहतात तितक्याच जवळ यंत्र ठेवून. सर्वांत वर कोण आलं असेल? बॉम्ब तर यादीत नव्हताच. नागगोळी! घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. माळ ३८ हजारांच्या वर, फुलबाजी १०,३९०, भुईचक्र ९,४९०, भुईनळा ४,८६०. भारताची पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० आहे. अर्थात हे काही सेकंदांचे, जवळून घेतलेले शिखर-आकडे आहेत, ते २४ तासांच्या सरासरीशी थेट भागायचे नाहीत. तरी मुद्दा राहतोच. नागगोळीचा आवाज शून्य. १९९९च्या नियमाप्रमाणे ती सगळ्यात सज्जन वस्तू. आपण ती सर्वांत लहान मुलाच्या हातात देतो, कारण ‘ती फुटत नाही’. एकक निवडताना धोका निवडला जातो आणि दुसरा धोका नजरेआड होतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला शिकवायला मिळालेलं नाही.

हवेचा मुद्दा न्यायालयात आला तो २०१५ मध्ये, दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या पालकांनी केलेल्या याचिकेतून. त्यातल्या अर्जुन गोपाल या नावाने प्रकरण ओळखलं जातं. २३ ऑक्टोबर २०१८ चा निकाल संपूर्ण बंदीचा नव्हता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दिवाळीला रात्री ८ ते १० एवढीच वेळ, ऑनलाइन विक्री बंद, बेरियमचे क्षार बंद (हिरवा रंग त्यांचाच), माळा देशभर पूर्ण बंद, आणि कमी धुराचे ‘हरित’ फटाके, जे पुढे नागपूरच्याच नीरीच्या पुढाकाराने तयार झाले. पालन झालं नाही तर त्या भागातला पोलीस ठाण्याचा प्रमुख जबाबदार. जबाबदार माणूस परत आणायचा हा प्रयत्न. पण पेटवणारा सोडून भलत्यालाच धरलं.

माळ कायद्याने २०१८ पासून बंद आहे. आता गेल्या लग्नसराईत किती वरातींत दहा हजारांची माळ रस्त्यावर अंथरलेली बघितलीत, ते आठवा.

याच निकालातला एक छोटा भाग सोलापूरच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने सुचवलं की दारोदारी फटाके उडवण्याऐवजी आधी ठरवलेल्या मोकळ्या जागी सगळ्यांनी मिळून उडवायची सोय करता येते का, ते सरकारांनी बघावं. न्यायालय इतकी वर्षं, इतक्या याचिका करून जिथे पोचलं, ती गोष्ट होम मैदानावर आपण आधीपासूनच बघत आलोय.

पण लगेच खूश व्हायला नको. सार्वजनिक दारूकाम आपोआप सुरक्षित असतं का? १० एप्रिल २०१६. केरळात कोल्लमजवळ परवूर इथलं पुट्टिंगल देवस्थान. पहाटे साठवलेल्या दारूला आग लागली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती, तरी दोन गटांत आतषबाजीची चढाओढ सुरू होती. मैदान होतं, समाज होता, परंपरा होती; अंतर आणि जबाबदार माणूस नव्हता. म्हणून होम मैदानाभोवती आपत्कालीन रस्ता किती रुंद असावा, यावरून काही वर्षांपूर्वी आपल्याकडे झालेला वाद मला क्षुल्लक वाटत नाही. तेव्हा अनेकांना ती यात्रेतली ढवळाढवळ वाटली. माझ्या मते तो रस्ताही यात्रेचाच भाग आहे.

कायद्यातली विसंगती मात्र बघा. सार्वजनिक दारूकामाला परवाना लागतो, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पाहणी, अटी. त्याच शहरात एकाच संध्याकाळी हजारो दारांत हजारो जण स्फोटक कायद्याखालची वस्तू पेटवतात, आणि त्यांना कसलीच परवानगी लागत नाही. एक मोठी आग मोजली जाते, हजार लहान आगी मोजल्याच जात नाहीत.

आणि धूर आणि आवाज यांच्या पलीकडचा हिशेब. सोलापूर-धुळे महामार्गावरचं धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. तिथून बार्शी तालुका जवळच. १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात पांगरी-शिराळे परिसरातल्या फटाका कारखान्यात स्फोट झाला आणि तिथे काम करणाऱ्या बायका मेल्या. लोक नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत होते तो दिवस. फटाक्यावरची चर्चा शहरातल्या दमेकऱ्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते, हे मला पटत नाही. बंदी आली तर कामगारांचं काय, असं विचारणाऱ्यांनी बंदी नसताना कामगारांचं काय होतं तेही विचारावं.

उलट बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मला परंपरेचा नाही, गरिबीचा वाटतो. विडी वळणाऱ्या बाईच्या किंवा यंत्रमागावरच्या कामगाराच्या घरात बोनस मिळाल्यावर पोरांना येणारी फुलबाज्यांची एक पेटी, हा वर्षातला स्वस्तात स्वस्त आनंद आहे. सहलीला जाणारे, हॉटेलात जेवणारे लोक त्या पेटीवर बंदी मागतात तेव्हा ऐकणाऱ्याला राग येणारच. शिवाय वर्षभराच्या धुरात गाड्या, रस्त्याची धूळ, गाळपाच्या हंगामातली धुराडी यांचा वाटा आहेच. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या फटाकेमुक्त दिवाळीच्या मोहिमेचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. ती मुलांशी बोलते, वाचलेल्या पैशांत पुस्तकं घ्या म्हणते; पोलीस पाठवत नाही.

तर माझं मत. आवाजाचे फटाके खासगी हातांतून पूर्ण जावेत, कारण ४ मीटरचा नियम पाळता येईल अशी गल्ली या शहरात फारशी नाही. माळ आधीच बंद आहे, ती दुकानात पकडली पाहिजे, वरातीत नाही. नागगोळी विकूच नये. फुलबाजी, भुईनळा, भुईचक्र राहू द्यावं, ओट्यावर नाही तर मोकळ्या जागी, आणि मोठ्या माणसाच्या नजरेखाली. प्रभागात एखादं मैदान ठरवून दिवाळीचे दोन तास तिथे सगळ्यांसाठी दारूकाम करावं, परवाना घेऊन, नगरसेवकाचं नाव अर्जावर घालून. फलकावर फोटो लावायची हौस असतेच, जबाबदारीच्या रकान्यातही लागू दे.

यावर कुणाला छोटा प्रकल्प करायचा असेल तर साहित्य हाताशी आहे. केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे, शहरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सतत मोजणारं केंद्र आहे आणि त्याचे तासागणिक आकडे उघड मिळतात. लक्ष्मीपूजनाची रात्र आणि होम मैदानावरच्या दारूकामाची रात्र, एक विखुरलेली आणि एक एकवटलेली, यांची पाच वर्षांची तुलना करून बघा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. जानेवारीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, धूर वर जात नाही, त्यामुळे दिवाळी आणि संक्रांत यांचे आकडे हवामानाची दुरुस्ती न करता शेजारी ठेवता येणार नाहीत. आणि दारूकामाच्या आधी होमप्रदीपन असतं. त्या रात्रीचा धूर दुसऱ्या रात्रीच्या खात्यावर टाकू नका.